काकाची जपानी सायकल

कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून उभी असलेली काळी सायकल — तिच्या तारांमधून गाळून आलेलं सकाळचं कोवळं ऊन, आणि जमिनीवर पडलेल्या त्या जाळीदार सावलीत दाणे टिपत फिरणाऱ्या आमच्या दोन कोंबड्या... बालपण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी हेच येतं. माझ्या वयाच्या बायका बालपण आठवून सुखावतात, भातुकली आणि झोपाळ्याच्या गोष्टी सांगतात. मला मात्र ती सायकल आठवते, आणि इतकी वर्षं उलटून गेली तरी तोंड लपवावंसं वाटतं.

वाशीमच्या वेशीबाहेर, अनसिंगकडे जाणाऱ्या वाटेला लागून आमचं भाजीचं वावर होतं. विहिरीवर मोट चालायची. मोटेचं पाणी पाटातून धावत येऊन वाफ्यांत शिरलं की भिजल्या काळ्या मातीचा, कोथिंबिरीचा आणि वांग्याच्या पानांचा मिळून एक किंचित कडवट गंध उठायचा. तो आमच्या कपड्यांना असायचा, अंथरुणांना असायचा, मायच्या हातच्या भाकरीलासुद्धा असायचा. घरात बाबा, माय, मी आणि बाबांचा धाकटा भाऊ किसनकाका. काका बावीस-तेवीस वर्षांचा, मी नऊ वर्षांची आणि त्याचं शेपूट. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधीचा तो काळ. भाजी बैलगाडीतून वाशीमच्या बाजारात जायची, आणि मोट ओढून आधीच दमलेले बैल आपल्या चालीनं चालायचे. ते पोचेपर्यंत सावलीतल्या जागा दुसऱ्यांनी धरलेल्या असायच्या, आणि आमची कोथिंबीर उन्हात मान टाकून बसायची.

"सायकल घेऊ, भाऊ," काकानं बाबांच्या मागे टुमणं लावलं. "उन्हं निंघायच्या आंदी भाजी बाजारात."

बाबांना यंत्राचा भरवसा नव्हता. पण वस्तू पारखावी तर किसननं, हे तेही मानत. काकाची तशी ख्यातीच होती. मडकं घ्यायचं असो, विळा घ्यायचा असो की बैलाची जोडी — आजूबाजूचे लोक आधी काकाला सोबत नेत. तो वस्तूवर टिचकी मारायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा, आणि मग 'घे' किंवा 'राहू दे' एवढंच म्हणायचा. त्याच्या त्या एका शब्दाचा मला केवढा अभिमान होता! जणू तो शब्द माझ्याच घरात पिकत होता.

सायकल घ्यायला आम्ही तिघं बाजारात गेलो. दुकानात रबराचा आणि नव्या रंगाचा वास कोंडलेला होता... तो वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक विलायती — जाडजूड, गंभीर, साहेबाच्या बंगल्यावर शोभेल अशी. दुसरी जपानी, अंगानं हलकी, आणि किंमत पहिलीच्या निम्मी. जपानी मालाची तेव्हा सगळीकडे टिंगल व्हायची; खेळणं आणलं की संध्याकाळपर्यंत मोडतं, आरसा आणला की त्यात तोंड वाकडं दिसतं, असं लोक म्हणत. बाबा विलायतीला हात लावून उभे राहिले.

काकानं घाई केली नाही. त्यानं दोन्ही गाड्या एकेका हातानं उचलून पाहिल्या. चाकं हवेत गरगर फिरवली, आणि फिरताना ती इकडेतिकडे डुलतात का, हे डोळा बारीक करून न्याहाळलं. रिमवर नखानं टिचकी मारून कान लावला. मग दुकानदाराला विचारून, मागच्या कॅरिअरवर ज्वारीचं अर्धं पोतं बांधून जपानी गाडीवरून बाजाराला एक फेरी मारून आला.

"बैलाचा खांदा पाह्याचा, गाडीचं चाक," तो मला म्हणाला. "सारं ओझं इथंच येते, गिरजे. हे चाक सच्चं आहे."

"हलकं आहे ते, किसन," बाबा म्हणाले.

"हलकी आहे म्हनून तं चांगली. आपल्याले भाजी न्याची आहे, भाऊ, तोफ नाई. त्या विलायतीचे पैसे नावाचे आहेत."

"पस्तावशीन."

"पस्तावलो तं माह्यं नाक काप."

आणि जपानी सायकल घरी आली. चैत्रापासून श्रावणापर्यंत तिनं एकदाही दगा दिला नाही. पहाटे काका दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून निघायचा, आणि मी दुपारची भाकर खायला बसायच्या आत रिकाम्या टोपल्या खडखडवत परतायचा. भाजी सावलीत बसू लागली. बाबा उघड काही बोलत नसत, पण एकदा शेजाऱ्यापुढे 'आमची गाडी' असं म्हणताना मी त्यांना ऐकलं. परवापर्यंत ती 'किसनची गाडी' होती.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्यांना तेल-हळद लावून पळसाच्या पानांनी चोळायचं, शेकायचं, आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण द्यायचं. गोठ्यात गवताचा, हळदीचा आणि ओल्या कातडीचा उबदार वास भरलेला. बाबांनी दोन्ही बैलांच्या कानांत हळूच आवतण सांगितलं. बैल डोळे मिटून उभे होते. माझं लक्ष मात्र दाराबाहेर, कडुलिंबाखाली गेलं. तिथे ती एकटी उभी होती. ओझं तर तीही वाहत होती की — तिला कुणीच जेवायला बोलावलं नव्हतं.

मला खरोखर वाईट वाटलं. आज त्या मुलीला हसावं की तिच्या पाठीत धपाटा घालावा, हे मला अजून कळत नाही. वाटीतली हळद संपली होती, करडीचं तेल उरलं होतं. ते घेऊन मी बाहेर गेले. सायकलीचा खांदा कोणता, हे मला ठाऊकच होतं; काकानंच शिकवलं होतं. मी दोन्ही चाकांच्या रिमांना आतून-बाहेरून, गोल गोल, मनापासून तेल चोळलं. चाकं कशी झळकायला लागली! मग हँडलला तोंड लावून तिला उद्याचं आवतण दिलं, आणि कुणाला सांगितलं नाही. काका आपणहून पाहील आणि खूश होईल, असं मनाशी धरून मी झोपले.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी सगळी भाजी सायकलीवरच जायची होती, आणि सणाचा बाजार म्हणून काकानं रोजच्या दीडपट वांगी भरली. झुंजुमुंजू असताना तो निघाला. वाशीमच्या अलीकडे नाल्यावर एक उतार आहे... आता तिथे पूल झालाय, तेव्हा खाली नुसते खडक होते.

उन्हं वर आली तेव्हा चौघांनी काकाला उचलून आणलं. पाचव्याच्या खांद्यावर सायकल होती. काकाचा उजवा हात मनगटातून विचित्र वळलेला, कपाळावर रक्त सुकलेलं. "ब्रेक दाबला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दोन्ही ब्रेक दाबले, भाऊ, पन गाडी थांबलीच नाई."

सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. हाडं बसवणाऱ्याला आणायला माणूस धावला. सायकल कुंपणाशी टाकून दिली होती. तिचं पुढचं चाक आपटून वाकडं झालं होतं, मागचं धड होतं. मी तिच्याजवळ गेले, मागचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेक ओढला. ब्रेकचे रबरी ठोकळे रिमला चिकटले, पण चाक त्यांच्यातून सुळसुळत फिरतच राहिलं. रिमवरून बोट फिरवलं. तेल होतं. त्या क्षणी मला सगळं समजलं — नऊ वर्षांच्या पोरीला समजू नये इतकं स्वच्छ समजलं.

आणि मग मी जे केलं, त्याला अजाणपणा म्हणता येणार नाही. मी चुलीतली राख आणली. परकराच्या टोकानं दोन्ही रिमा घासल्या, वाकड्या चाकाचीसुद्धा. तेलाचा थेंब उरला नाही तोपर्यंत घासत राहिले.

"काय करून राह्यली व तिथं?" आतून माय ओरडली.

"चिखल पुसून राह्यली," मी म्हटलं.

चाक वाकलेलं सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे निकाल लागायला वेळ लागला नाही. जो येई तो त्या चाकाला पायानं ढोसून पाही. जपानी माल, दुसरं काय, असंच सगळ्यांचं मत पडलं. बाबा सणाच्या दिवशी जेवले नाहीत. "पह्यलेच सांगतलं होतं तुले," एवढंच ते म्हणाले, पण ते इतक्या जणांदेखत म्हणाले की काकानं तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी मी त्याच्याकडे हळद घातलेलं दूध घेऊन गेले. हात फळ्यांमध्ये बांधलेला.

"कसं चुकलं व माह्यं, गिरजे? मी तं सारं पाह्यलं होतं."

तेव्हा बोलायचं होतं. मार बसेल अशी भीती मला नव्हती. काकानं त्या दिवशीही माझ्यावर हात उगारला नसता. त्याच्या नजरेतून उतरेन, एवढीच भीती होती. स्वतःची जागा राखायला मी त्याची जागा घालवली. मी दुधाचा पेला त्याच्या ओठांना लावला आणि तो रिकामा होईपर्यंत धरून बसले.

सायकल अनसिंगच्या एका शिंप्यानं कवडीमोलानं नेली. त्यानं चाक सरळ करून घेतलं आणि तिच्यावर तो पुढे वीस वर्षं हिंडला. मी परकरातून लुगड्यात आले, लग्न होऊन किन्हीराजाला सासरी गेले, माहेरी लेकरं घेऊन येऊ लागले, तरी वाटेत कधीतरी ती काळी सायकल समोरून यायचीच, कुरकुर न करता. मी मान खाली घालायची.

काकाचा हात जुळला तो वाकडाच जुळला. पण माझ्या जिवाला लागलं ते दुसरंच. कुणी बैल पाहायला चल म्हटलं की तो 'भाऊले इचारा' म्हणू लागला. पुढेपुढे लोकांनी विचारणंच सोडलं. त्याच्या लग्नाची भांडीसुद्धा बाबांनी घेतली. काका दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. मडक्यावर टिचकी मारताना मी त्याला पुन्हा कधीही पाहिलं नाही.

मी सांगितलं, पण किती उशिरा! काका ऐंशीला टेकला होता, बाबा आणि माय केव्हाच गेले होते. मी चार दिवस माहेरी आले होते, आणि काकाच्या नातवाला, प्रकाशला, मोटरसायकल घ्यायची होती. लहान इंजिनाची, बेताच्या किमतीची. दोन पसंत करून ठेवलेल्या. एक स्वस्त, दुसरी नावाजलेली. एक लिटरमध्ये कोणती किती पळते, कोणाचे सुटे भाग वाशीमला मिळतात, हे तो आजोबांना मोठ्या हौसेनं सांगत होता. "तुमी चला ना, आबाजी, पाहून सांगा."

"मले काय समजते गाडीतलं?" काका म्हणाला. "एक घेतली होती, तं हात मोडून बसलो. म्हागाची घे बाप्पा. हलका माल नको घेऊ."

प्रकाश बाहेर गेला आणि मी बोलले. सगळं बोलले — तेलाची वाटी, रिमा, आवतण, राख, परकर. बोलता बोलता मला हुंदका आवरेना. काकानं तो वाकडा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"उगी, उगी. कायले स्वतःवर घेऊन राह्यली, पोरी? माह्यं मन राखाले सांगतेस, समजत नाई का मले? गाडीच खराब होती."

"नाई काका, खरंच सांगून राह्यली! त्या शिंप्यानं वीस वर्षं चालवली ना तीच गाडी?"

"त्या शिंप्याच्या मांगं ओझं कोठी होतं? कैची न् टेप." तो हसला, आणि मग हसू मावळून त्याचे डोळे भरून आले. "त्या दिवशी सारे बोलले मले. भाऊ बोलला, वयनी बोलली. तू एकटी दूध घेऊन आली, न् एका शब्दानं बोलली नाई. मी इसरलो नाई ते, गिरजे. माह्या बाजूनं तू एकटीच होती."

मी पुष्कळ सांगून पाहिलं, शपथा घातल्या. त्यानं प्रत्येक वेळी माझी पाठ थोपटली. शेवटी प्रकाश परत आला, तेव्हा काका त्याला म्हणाला, "गिरजाआत्यासाठी चहा टाकाले सांग." दुसऱ्या दिवशी प्रकाश एकटाच वाशीमला गेला आणि महागातली गाडी घेऊन आला. काकानं दारातूनच तिच्याकडे पाहिलं, चांगली आहे म्हणाला, आणि आत जाऊन बसला.