नातीचा दुभाष्या

आमची नात अडीच वर्षांची झाली तेव्हा तिच्याजवळ जेमतेम चार शब्द होते, आणि तेवढ्यावर ती अख्खं घर चालवत होती. ‘बू’ म्हणजे पाणी. फ्रिजकडे बघून ‘बू’ म्हणजे थंड पाणी, आणि नाक मुरडून ‘बू’ म्हणजे आंघोळ नको. हा बारकावा घरात फक्त मला कळायचा. मी जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवले. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. त्याचे ओठ बघायचे, बोटं बघायची आणि समजून घ्यायचं. त्यामुळे सूनबाईंना आपल्याच लेकीचं काही कळेनासं झालं की हाक यायची, “आबा, काय म्हणतेय ही?” मी मिशीवर हात फिरवत जायचो. रिटायर झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही म्हणतात. मला उठता-बसता विचारत होते.

आमच्या मंडळींनी नातीच्या जिभेला वेखंड उगाळून लावलं. त्यानं पाचवा शब्द फुटला, तो ‘थू’.

शेवटी सूनबाई तिला स्पीच थेरपिस्टकडे घेऊन गेल्या. दुभाष्या म्हणून मीही गेलो. बाईंनी आधी कान तपासून घ्यायला लावले होते, ते ठणठणीत निघाले. मग त्यांनी नातीला आरशासमोर बसवलं, तिची हनुवटी दोन बोटांत धरली आणि तोंड चांगलं मोठं उघडून म्हणाल्या, “पा… णी.” नातीनं आरशातून माझ्याकडे बघितलं. “बू.” मी लगेच बाटली पुढे केली.

“आजोबा,” बाई म्हणाल्या, “तिला बोलायची गरजच काय? तुम्ही आहात ना!” मग हुकूम सुटला. कुणी खुणा ओळखायच्या नाहीत. शब्द म्हणून दाखवायचा, जरा थांबायचं, तिला प्रयत्न करू द्यायचा, मगच द्यायचं. “पुढं बालवाडीत तुम्ही तिच्या शेजारी बसणार आहात का?”

मला चाललं असतं. पण कुणी आग्रह केला नाही.

राग आला. माझं चालतं दुकान बंद पाडलं बाईंनी. पण आदल्याच आठवड्यात गल्लीतल्या पोरी खेळत होत्या, नात त्यांच्यात जाऊन काहीतरी म्हणाली, एकीलाही कळलं नाही, आणि त्या पळून गेल्या. ती दारात तशीच उभी राहिली. ते मला अजून डाचत होतं. म्हणून सोंग घ्यायचं ठरवलं.

घ्यायचं तर नीट घ्यायचं. तिनं ‘बू’ म्हटलं की मी विचारायचो, “पाणी? का म्हैस?” तिनं पेला आणून दिला, मी तो टोपीसारखा डोक्यावर ठेवला. शेंगाच्या चटणीकडे बोट केलं, मी चप्पल आणून दिली. मंडळी कडाडल्या, “आवं, लेकराला पानी द्या की! म्हातारपनी काय खूळ लागलंय?” पाणी शेवटी मिळायचंच, पण तोवर माझाच घसा कोरडा पडायचा. नात आधी माझ्यावर चिडली, मग नुसती बघायला लागली. त्या बघण्यात हळूहळू दया यायला लागली.

एका दुपारी मी चटईवर बसलो होतो. ती माझ्या मांडीवर चढली. गुळानं चिकट झालेल्या दोन बोटांनी तिनं माझी हनुवटी धरली, तोंड आ वासून उघडलं, आणि मंद पोराला सांगावं तसं सावकाश म्हणाली, “आबा. पा… नी.”

तिच्या मते आजोबांची वाचा गेली होती, आणि आता त्यांना बोलायला शिकवायचं काम तिलाच करावं लागणार होतं.

सूनबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मंडळींनी डोळ्याला पदर लावला. मी शहाण्यासारखं ‘पाणी’ म्हणायला हवं होतं. पण इतक्या जवळून ते तोंड पुन्हा कधी बघायला मिळणार? मी ओठ हलवले.

“बू,” मी म्हणालो.

तिनं मोठा सुस्कारा सोडला, हनुवटी आणखी घट्ट धरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता ती बालवाडीत जाते आणि गल्लीतल्या पोरींना दम देते. दुभाष्याची गरज कुणालाच उरली नाही. संध्याकाळी मात्र माझी शिकवणी असते. प्रगती फार हळू आहे, आणि ती वाढवायचा माझा मुळीच विचार नाही.