हनिमूनच्या क्रूझवर तिसरं तिकीट

ब्लॉगवर जहाजाचा फोटो टाकला तेव्हापासून बरेच जण विचारताहेत, हनिमूनला क्रूझ घ्यावी का, किती दिवसांची घ्यावी, जेवण कसं असतं. सगळं सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, आमची सहल फसली, आणि त्यात जहाजाचा दोष फार थोडा होता.

मी सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवतो. उन्हाळ्यात लग्न झालं. माझी बायको रेणुका कळमनुरीची. लग्न ठरलं आणि तिला नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून ऑर्डर आली. हजर व्हायचं होतं लग्नानंतर पंधराव्या दिवशी. म्हणजे हळद निघायच्या आत ती तिकडं आणि मी इकडं, पुढची सुट्टी कधी ते कुणालाच माहीत नाही. मधल्या दिवसांत आम्हा दोघांना जरा निवांत बोलता यावं, एवढ्यासाठी मी हिंगोलीतल्या एका एजंटाकडून मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ ठरवली. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी भावकीतले एक चुलत चुलते वारले आणि सुतक लागलं. आमच्याकडे लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात आणि तो होईपर्यंत नवरा-नवरी एका खोलीत राहत नाहीत. सुतकात गोंधळ घालता येत नाही. तिकिटं आठव्या दिवसाची, रद्द केली तर पैसे परत नाहीत. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ओसरीवर बसून सुपारी कातरता कातरता तोड काढली.

"कौसाला संगं न्या," ते म्हणाले. "तिकीट बी वाया जात न्हाई अन् रीत बी मोडत न्हाई."

कौसाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेल्यावर माहेरी आली ती कायमची. मला तिनंच लहानाचं मोठं केलं. एजंटाला फोन लावला तर तो म्हणाला, केबिनमध्ये भिंतीतून खाली येणारा तिसरा बेड असतो, नाव वाढवून देतो. एवढ्यावर आत्यानं पिशवी भरायला घेतली.

संध्याकाळी रेणुका स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

"तुमी मामांना काहीच बोलला न्हाई?" तिनं विचारलं. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"आता काय बोलू? ठरलंय ना."

"ठरलंय ते मला दिसून राहिलं. तुमच्या मनात काय हाय ते इचारून राहिले मी."

माझ्या मनात काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. पण मी तांब्या जागेवर ठेवला आणि बाहेर आलो. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा माणूस मी, घरात मात्र अण्णांपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आता प्रवासाचं. गोरेगावहून जीपनं हिंगोली आणि तिथून ट्रॅव्हल्सनं मुंबई. स्लीपरच घ्या, बसून गेलात तर कंबर कामातून जाते. आमच्या तिकिटांत खालची डबल सीट आत्या आणि रेणुकाची, वरची सिंगल माझी. बंदरावर दुपारी बारापर्यंत पोहोचा, कारण रांग मोठी असते. आधार कार्ड मूळ हवं, तिकिटाचं प्रिंट काढून ठेवा. बाहेरचं खायचं आत नेऊ देत नाहीत. आत्यानं चार दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती, ती तिथंच काढायला लावली. आत्यानं त्या शांतपणे रांगेतल्या हमालांत वाटून टाकल्या आणि वर चटणी तिखट आहे म्हणून बजावलं.

जहाज खरंच मोठं आहे. आमच्या बाजाराच्या गल्लीसारख्या लांब बोळी, त्यात एकसारखी दारं. आमची केबिन सर्वांत स्वस्तातली, म्हणजे आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. ही चूक तुम्ही करू नका. थोडे जास्त भरा आणि खिडकीची घ्या, नाहीतर समुद्रात आहोत की हिंगोलीच्या लॉजवर, हे कळत नाही. जेवण भरपूर, शाकाहारी वेगळं मांडलेलं असतं. गोड पदार्थ बरे, वरणाला चव नाही. आत्याला एसी सोसेना, म्हणून तो बंद. मग आम्हाला उकडायचं, म्हणून दार किलकिलं. आमच्या बोळीत बहुतेक नवी जोडपी होती. येता-जाता ती आत डोकावत आणि तीन बेड बघून हसू दाबत पुढं जात. मला लाज वाटायची, आणि त्या लाजेपायी मी आत्याशी दोनदा तुटक बोललो. तिनं ते मनावर घेतलं नाही, पण मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज गोव्याच्या बंदराला लागलं. मी नाश्त्याच्या रांगेत असताना रेणुका खालच्या काउंटरवर जाऊन आली होती. चेहऱ्यावर लग्नानंतर पहिल्यांदा मोकळं हसू होतं.

"एक केबिन रिकामी हाय," ती म्हणाली. "आपल्या शेजारचीच. दोन रात्रींचे थोडे पैसे भरावे लागतील, ते मी भरते. दहा वाजेस्तोवर सांगा म्हणले."

मी आत्याकडं पाहिलं. आत्या पपईची फोड खात होती.

"माह्याकडं काय पाहून राहिला लेकरा?" आत्या म्हणाली. "मला कुटं बी झोप लागती. मी काय हौसेनं बसले का तुमच्या मधी? फकस्त भावाला एक फोन कर. त्याला न सांगता म्या केलं असं नको व्हायला."

समुद्रात फोन लागत नाही आणि जहाजावरचं इंटरनेट परवडत नाही, पण बंदराला लागलं की रेंज येते. वरच्या डेकवर गेलो. रेणुका सोबत आली, कठड्याला टेकून उभी राहिली. अण्णांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. जेवण कसं आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आत्याला उलटीबिलटी झाली का, झाली नाही. दुकानात युरियाची गाडी आली, ती उतरवून घेतली, असं ते म्हणाले. बरं झालं, मी म्हणालो. मग अण्णा म्हणाले, "आनिक काय?"

रेणुका माझ्याकडं बघत होती.

"आनिक काही न्हाई," मी म्हणालो. "सगळं बराबर हाय."

फोन ठेवला. मी तिला म्हणालो, तिकडं दुकानात गडबड होती, दुपारी पुन्हा लावतो. तिनं मान हलवली. दहाला पाच कमी असताना ती स्वतःच खाली गेली आणि केबिन नको म्हणून सांगून आली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

गोव्यात उतरायला पाच-सहा तास मिळतात. बंदराबाहेर टॅक्सीवाले घेराव घालतात, भाडं चढायच्या आधीच ठरवा, आणि लांबचा किनारा धरू नका, अर्धा वेळ रस्त्यात जातो. आम्ही जवळच्याच एका किनाऱ्यावर गेलो. आत्यानं लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली. लाट आली तशी रेणुकानं तिचा हात धरला.

"एवढं पानी," आत्या म्हणाली, "अन् एक वाफा भिजवायच्या कामाचं न्हाई."

रेणुका खळखळून हसली. त्या दोघींचे मी बरेच फोटो काढले. ब्लॉगवर टाकलेला जहाजाचा फोटोही त्याच दिवशीचा. आमचा दोघांचा एकही नाही. आत्या दोनदा म्हणाली, दे मला फोन, तुमचा काढते. रेणुका दोन्ही वेळा म्हणाली, राहू द्या आत्या, ऊन लागून राहिलं तुमाला.

तिसरा दिवस पूर्ण समुद्रात जातो. चारी बाजूंना पाणी, बघायला दुसरं काही नाही, म्हणूनच तो दिवस बोलण्यासाठी असतो असं मला आता वाटतं. स्विमिंग पूल आहे, जादूचे प्रयोग आहेत, संगीताचा कार्यक्रम आहे. रेणुका आणि आत्यानं सगळं पाहिलं. मी मागं मागं फिरलो. दुपारी एकदा रेणुका एकटी सापडली. मी नंदुरबारच्या खोलीचं विचारलं, तिथं भांडी काय काय लागतील. तिनं नीट यादी सांगितली, कुकर, तवा, दोन पातेली. मी ती लिहून घेतली. त्यापलीकडं मला विषय सुचला नाही, आणि तिनं काढला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मुंबई, दुसऱ्या दिवशी गोरेगाव, आणि त्या आठवड्यातच मी रेणुकाला नंदुरबारला सोडून आलो. गोंधळ तिच्या सुट्टीपर्यंत पुढं ढकललाय.

क्रूझ घ्यावी का, तर घ्या. खिडकीची केबिन घ्या, वाऱ्याला जाडसर कपडे ठेवा. बाकीचं मी काय सांगणार.

परवा ओसरीवर आत्या अण्णांना जहाजाच्या गमती सांगत होती. बोलता बोलता तिनं रिकाम्या केबिनचंही सांगून टाकलं. अण्णा अडकित्ता खाली ठेवून माझ्याकडं वळले.

"मंग इचारायचं न्हाई का येड्या?" ते म्हणाले. "घरचं मोठं माणूस संगं हाय, एवढंच पायजे होतं. कौसा शेजारच्या खोलीत असती, रीत काय पळून चालली होती का? मी काहून नको म्हणलो असतो?"

मला जेवण गेलं नाही. दुकानाच्या मागं जाऊन रेणुकाला फोन लावला आणि अण्णा काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. पहिल्यांदाच माफीही मागितली. तिच्या मागं दवाखान्यातली कुणीतरी तिला हाक मारत होती.

"ते हो म्हणतील हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मीच लावला असता फोन, माझ्याकडं होता नंबर. तुमी इचारता का, तेवढंच पाहत होते मी."

मला वाटलं पुढं काही बोलेल. पण तिनं फक्त जेवलात का म्हणून विचारलं.

मी हो म्हणालो.