ट्रकचा आवाज पुसताना

सडक अर्जुनीत आमचं घर हायवेला लागून. ट्रकचा आवाज इतका अंगवळणी पडलेला, की कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत तो आहे हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. आलं आणि डोकं फिरलं.

रेकॉर्डिंग मोठ्या भावाचं होतं. तो दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, झीलकरी; मुख्य गाणाऱ्याच्या मागे उभा राहून सूर धरणारा. बाकीचे ओळीचा शेवट तेवढा उचलायचे. सूर सांभाळायचा तो यानंच. त्याच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी नागपूरला ऑपरेशन, आणि नंतर आवाज राहील की नाही हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते. मी म्हटलं, तू गा, मी भरून ठेवतो. "एकटा काऊन गाऊ? मी झीलकरी आहो," म्हणाला आणि दंडारीतले गडी बोलवायला गेला. झीलकऱ्यानं एकट्यानं तोंड उघडायचं नाही, हा त्यांच्यातला रिवाज. शेवटी सगळी दंडार आमच्या खोलीत बसून गायली.

ट्रकची घरघर काढणारा एक प्लगइन मी गोंदियाच्या सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणला. फाइल सांगितलेल्या फोल्डरमध्ये टाकली, तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला ती दिसेना. काळ्या खिडकीत कमांड टाइप करून नोंदवायला गेलो, तर एरर. मशीन बंद करून चालू केलं, तेवढ्यात लाइट गेली. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो आणि भाऊ खाटेवर बसून दवाखान्याची बॅग भरत होता. "कायले जीव खाऊन राहिला त्या डब्याचा? ट्रक येतेत त येऊ दे." त्याच्या थंडपणाचाच मला जास्त राग येत होता.

लाइट आली. पुन्हा कमांड टाकली, आणि प्लगइन एकदाचा यादीत दिसला. त्याचं काम सोपं होतं. जिथं फक्त नको असलेला आवाज आहे असा एक तुकडा त्याला नमुना म्हणून द्यायचा. मग तो तसला आवाज गाणंभर पुसतो. गाणारा दम घ्यायला थांबतो, ती जागा मी दिली. गाणं स्वच्छ झालं. मी खुशीत भावाच्या कानाला हेडफोन लावला. तो लक्ष देऊन शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"चांगला झाला," तो म्हणाला. "पण याच्यात मी कुठी आहो?"

मी गाणं पुन्हा लावून ऐकलं. मूळ फाइल शाबूत होती, म्हणून बरं. गाणारा थांबतो तिथंच झीलकऱ्याचं काम सुरू होतं, हे लहानपणापासून पाहत आलेला मी, ट्रकबरोबर त्यालाही पुसून बसलो होतो. दुसरा नमुना शोधायला लागलो. दोन ओळींच्या मध्ये, कडव्यांच्या मध्ये, गाणं सुरू व्हायच्या आधीसुद्धा तो बारीक सूर धरून होता. नुसती घरघर असलेली जागा सापडेना. त्यानं एकही रिकामी सोडली नव्हती.

प्लगइन मी काढून टाकला.

ऑपरेशननंतर भाऊ कुजबुजल्यासारखा बोलतो. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दंडार अजून उभी राहते, तोही मागे आपल्या जागेवर उभा राहतो. ती जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. गाणारा दम घ्यायला थांबला की मला तिथं बसवत नाही.