टाकीत सोडलेली पावडर

आमच्या घरात कुठलंही पाकीट आलं की ते फोडून पाण्याच्या टाकीत सोडायचं, असा जणू कायदाच आहे. रावेर तालुक्यातलं केळीवालं घर. खत असो, औषध असो, सगळं ठिबकच्या नळीतून झाडाच्या बुडाशी जातं. केळीसाठी ते ठीकच आहे. पण कोंबडी म्हणजे केळीचं खोड नव्हे, हे समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला.

पोल्ट्रीचं शेड माझं. लग्न होऊन पिंप्राळ्याहून इथे आले तेव्हा केळीच्या कामात मला विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून हट्टानं मागून घेतलेलं हे एकच काम. आणि तेच हातचं जायची वेळ आली होती. दर बॅचला पिल्लांचं पोट बिघडायचं, विष्ठा पातळ व्हायची, खाली अंथरलेलं तूस ओलं होऊन आत शिरलं की डोळे झोंबायचे. शेवटी नवऱ्यानं सांगून टाकलं, "ही बॅच पण अशीच गेली तर शेड मोकळं करू. ठिबकच्या नळ्या ठेवायला जागा होईल." नळ्या ठेवायला! माझा सगळा जीव तिथे अडकलेला आणि यांना नळ्यांची पडलेली.

जळगावहून येणाऱ्या कोंबड्यांच्या डॉक्टरबाईंनी आधी मलाच झापलं. जरा काही झालं की अँटिबायोटिक ओतता, त्यानं आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात, म्हणाल्या. मग खाद्यात मिसळायची एक पावडर दिली, प्रीबायोटिक. हे औषध नाही. कोंबडीला ते पचतही नाही. आतड्यातले चांगले जिवाणू त्यावर पोसतात, वाढतात, आणि वाईटांना बसायला जागा उरत नाही. मी हे घरी उत्साहानं सांगितलं. "म्हणजे कोंबडीसाठी नाही, जंतूंसाठी खाऊ आणला?" नवरा म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये शिरला. सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, तेवढे लक्ष देऊन ऐकत होते. निदान मला तसं वाटलं.

पावडर आधी थोड्या खाद्यात कालवायची, मग ते सगळ्या खाद्यात फावड्यानं वरखाली करायचं. रोज सकाळी मी वाकून विष्ठा बघायची. हळूहळू ती घट्ट झाली, निरोगी कोंबडीची असते तशी वर पांढरी टोपी धरू लागली. तूस मुठीत घेतलं तर भुरभुर गळायचं. हे जेवताना सांगायला गेले तर सगळे ताटावरून उठायच्या बेतात.

अशात भाचीचा साखरपुडा आला. जाऊन लगेच यायचं होतं. निघताना आबांना बजावलं, "खाद्य मिसळून ठेवलंय, तेवढंच टाका. पाकिटाला हात लावू नका." ते हो म्हणाले. आमच्याकडे हो म्हणायला काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. मे महिन्याचं ऊन. शेडमध्ये पिल्लं चोची वासून, पंख पसरून धापा टाकत होती. पाण्याच्या नळीला जे निपल असतात, त्यांना टोचत होती आणि एक थेंब पडत नव्हता. टाकीत डोकावले तर तळाशी पिठल्यासारखा लगदा. अख्खं पाकीट आत! ती पावडर पाण्यात विरघळत नाही, फुगते. फुगून नळीभर बसली होती.

मी नळ्यांची टोकं उघडली, घरातल्या पराती, घमेली, मिळेल ते पाण्यानं भरून मांडलं. आबा बादल्या भरभरून आणत होते आणि मी धावता धावता त्यांच्यावर ओरडत होते. सासऱ्यांवर आवाज चढवणं आमच्याकडे चालत नाही. त्या दिवशी चाललं.

"अवं पोरी," आबा रडवेले होऊन म्हणाले, "तू त्या पावडरीले एवढी जपते, मले वाटलं पिल्लाइले पोटभर भेटू दे. केळीले देतो तसंच त देलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. काही पिल्लं दगावली, बाकीची सावरली. मी नवी पावडर आणून पुन्हा खाद्यातूनच दिली, आणि बॅच विक्रीला निघाली तेव्हा पक्षी अंगानं असे भरले होते की नवराही बघत राहिला.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावचे एक पोल्ट्रीवाले भाऊ, पक्षी एवढे कशानं भरले ते विचारायला आले. अंगणात खाटेवर आबा, शेजारी नवरा. मी चहा घेऊन गेले तेव्हा आबा सांगत होते, "अख्खं पाकीट एकदम टाकीत सोडलं म्या. तवापासून पिल्लाइचं पोट सुधारलं."

नवऱ्यानं मान डोलावली. "आबा म्हणतात म्हणजे दम आहे त्यात. राहू दे शेड." मी कधीपासून घसा फोडत होते तेव्हा दम नव्हता. शेड वाचल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू, आणि कपबशा तिथेच आपटाव्याशाही वाटल्या. पण त्या माणसाची पिल्लं डोळ्यांपुढे आली. म्हटलं, "भाऊ, टाकीत मुळीच टाकू नका. नळ्या तुंबतात, पिल्लं तहानेनं मरतात. आमची मेली. खाद्यातच मिसळा, थोडी थोडी."

त्यांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. चहाचा घोट घेतला. मग आबांकडे वळून विचारलं, "आबा, टाकी केवढी होती?"