दाराआडचा कोपरा

अण्णांनी शेवटचं धरलं ते माझं मनगट. दवाखान्यात नाकाला नळी, दोन शब्द बोलायचे तरी धाप, आणि तरी माझ्या वडिलांच्या त्या तीन बोटांच्या डाव्या हातात एवढी ताकद, की मी ओरडले. "नातीच्या कर्जासाठी बँकेचा माणूस यायचाय ना? त्याला आधी पाणी दे... मग बाकीचं." मी म्हटलं, "देते हो, सोडा आता." सोडेनात. शेवटी नर्सनं एकेक बोट उचलून हात सोडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मनगटावरचे निळे वळ तेराव्यापर्यंत राहिले. भेटायला आलेल्या बायका विचारायच्या आणि मी बांगड्या खाली ओढून घ्यायचे.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण अण्णांबद्दल गोड गोड लिहिलं तर ते वरून शिव्या घालतील. माणूस मारकुटा होता. बीडकडून आले, निगडीत दोन खोल्या बांधल्या आणि चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये लागले. तिथं पत्रा दाबणाऱ्या मशीननं त्यांची दोन बोटं खाल्ली. उरलेल्या तीन बोटांची चापट पाच बोटांपेक्षा जास्त लागते, हे मी अनुभवानं सांगते. गल्लीत कुणाचं भांडण लागलं की बायका आधी अण्णांना घरात कोंडा म्हणायच्या.

असा हा माणूस एकदा नुसता मार खात उभा राहिलेला मी पाहिला. त्यांच्या शिफ्टमधल्या एका मित्रानं बहिणीच्या लग्नासाठी खासगी फायनान्सवाल्याकडून पैसे उचलले आणि अण्णा जामीन राहिले. कंपनीत एकमेकांच्या कागदावर सही करणं म्हणजे डब्यातली भाजी वाटून घेण्यासारखंच होतं; त्यात विचार कसला करायचा? मित्र गावाला पळाला. मग एका रविवारी तीन माणसं आली. आधी शेजारी विचारत फिरली... घर स्वतःचं का, माणूस कसाय, पैसे बुडवणारा तर नाही? मग आत शिरली. एकानं अण्णांची कॉलर धरून डोकं चौकटीवर आपटलं, दुसऱ्यानं लाथ मारून शिजत्या डाळीचं पातेलं उडवलं. आईच्या पायावर फोड आले. अण्णांनी हात उचलला नाही. नंतर आईला म्हणाले, "सही माझी हाय, तर मार बी माझाच की." सही केली म्हणून कुणाला मारायचा हक्क मिळत नाही, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. ते पैसे त्यांनी पगारातून फेडले आणि कंपनीच्या भंगारातून एक लोखंडी गज आणून दाराआड उभा केला.

पुढं मी बारावी झाले आणि मला इंजिनिअरिंगला सीट मिळाली. फी आमच्या आवाक्यातली नव्हती. बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळत होतं, पण त्यावर वडिलांची सही लागत होती. अण्णा कागदाला हात लावायला तयार होईनात. आईनं अन्न सोडलं, तेव्हा कुठे बँकेत आले. सही करता करता साहेबांना म्हणाले, "सायेब, घरी माणसं तर न्हाई ना धाडणार?" साहेबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "जी काय रूटीन प्रोसेस आहे ती होईल." रूटीन प्रोसेस म्हणजे काय, हे आम्हा तिघांपैकी एकालाही कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली.

त्यानंतरच्याच आठवड्यात अण्णा तिसरी शिफ्ट करून झोपले होते. मी बाहेर नळावर होते. शेजारच्या काकू धावत आमच्या दारात आल्या. "अहो भाऊ, उठा! कुणी हेल्मेटवाला तुमची चौकशी करतोय. घर स्वतःचं का, माणूस कसाय, पैसे बुडवणारा तर नाही ना..."

तेच प्रश्न. अण्णा गज घेऊनच बाहेर आले. पहिला घाव हेल्मेटवर बसला, हेल्मेट तडकलं. दुसरा त्यानं आडव्या धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला नळापर्यंत ऐकू आला. "माझ्या पोरीम्होरं मारलं व्हतं ना रं मला? आता मार! मार आता!" अण्णा ओरडत होते, आणि तो माणूस रस्त्यावर पडून पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "काका, मी बँकेतून आलोय... तुमच्या मुलीच्या फीसाठी..." गटारीत पडलेल्या कागदावर माझा फोटो होता.

पोलीस आले, अण्णांना घेऊन गेले. बँकेनं कर्ज नाकारलं. दुसरीकडे हातपाय मारेपर्यंत फी भरायची मुदत टळली आणि सीट गेली. सुटून आले त्या दुपारी अण्णा दाराशीच खाली बसले. डावा हात उंबऱ्यावर ठेवला आणि उजव्या हातानं त्याच्यावर गज मारू लागले. आई हातावर आडवी पडली म्हणून थांबले. मी बघत उभी होते. थांबवावंसं मला वाटलं नाही; अजून मारा, असंच वाटत होतं. आज लिहितानाही मला त्याचं वाईट वाटत नाही. सीट माझी गेली होती.

मी चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागले, ती अजून तिथंच आहे. अण्णांनी गज भंगारवाल्याला दिला आणि त्या कोपऱ्यात एक स्टूल ठेवलं. त्यावर पाण्याचा तांब्या, वर पालथा पेला. कुरिअरवाला असो, लाइटबिलवाला असो, खांद्याला बॅग दिसली की, "बस बाबा, आधी पाणी पी." त्या बँकेच्या माणसाच्या घरीही एकदा माफी मागायला गेले होते. त्यानं आतून कडी लावली. माझी माफी त्यांनी कधी मागितली नाही. पण नंतर कुणावर हात उचलला नाही. राग आला की उठायचे आणि भरलेला तांब्या पुन्हा भरून आणायचे.

लग्नानंतर आम्ही दोघंही शिफ्टवाले, म्हणून अण्णांच्याच घरी राहिलो. यंदा माझ्या लेकीला इंजिनिअरिंगला सीट मिळाली. बँकेत मी साहेबांपुढे ठाण मांडून बसले. कोण येणार, काय विचारणार, शेजाऱ्यांना का विचारणार, सगळं वदवून घेतलं आणि घरी येऊन अण्णांना समजावलं. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा ऐकलं.

परवा पहिल्या शिफ्टवरून येऊन टेकले होते. बाहेर अनोळखी आवाज आला. "घर स्वतःचं आहे का यांचं? म्हातारे गेले म्हणे... बुडवणार तर नाहीत ना पैसे?"

मला सगळं माहीत होतं. तरी डोक्यात तिडीक गेली, आणि उठले तेव्हा हात आपोआप दाराआड गेला. हाताला लागला तो तांब्या. उचलला तर हलका. अण्णा गेल्यापासून तो कुणी भरलाच नव्हता.

आत जाऊन भरून आणला. तोवर तो हेल्मेट काखेत धरून दारात उभा होता.

"बसा. आधी पाणी प्या," मी म्हटलं. आवाज निघाला तो थेट अण्णांचा, अंगावर धावून गेल्यासारखा. तो बिचारा दचकून मटकन खाली बसला आणि एका दमात पेला रिकामा केला.