क्रेनवाल्याचं पोट

क्रेनच्या केबिनमध्ये एकदा चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायची सोय नसते. म्हणून क्रेनवाला सकाळी दोन बिस्किटांवर भागवायचा, पाणी घोटघोट प्यायचा आणि पोटाला बाबापुता करत दिवस काढायचा. तक्रार अशी काही नव्हती.

त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, त्याच बांधकामावर मुकादम होता. नोकरी त्यानेच लावून दिलेली, आणि हे तो चारचौघांत ऐकवल्याशिवाय राहत नसे. एके दिवशी सुट्टीत त्याने भावोजींच्या थर्मासमधल्या चहात जुलाबाच्या गोळ्या विरघळवल्या. गंमत म्हणून.

मुरडा आला तेव्हा हुकाला काँक्रीटची अख्खी भिंत लटकत होती आणि ती धरायला खाली माणसं उभी होती.

"मला उतरायला हवं," क्रेनवाला वॉकीटॉकीवर कळवळला. "जीव चाललाय माझा."

"आधी भिंत ठेवा, भावोजी!" मेव्हण्याचा आवाज आला, आणि मागे हशाचा गलका.

त्याने दातओठ खात भिंत जागेवर ठेवली, बोटभरही न चुकता. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. शिडी उतरून आला तर सगळे फोन उगारून उभे. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर झाला, आणि त्याचं नाव 'गळका' पडलं.

"मस्करी केली त्याने," बायको म्हणाली. "तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

मनाला लागलं की पोटाला, कोण जाणे. पण शिडीला हात लावला की त्याची आतडी पिळवटायची. दोनदा तो अर्ध्यातून खाली आला, तेव्हा कंपनीने डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सगळे रिपोर्ट चांगले आले.

"आतड्यांना काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण मन धास्तावलं की पोटही बिघडतं. दही, फळं, पालेभाज्या खा. आणि मुख्य म्हणजे घरच्यांबरोबर हसतखेळत जेवा."

बायकोने शब्द न शब्द पाळला. दही लावलं, भाज्या उकडल्या, आणि जेवण हसतखेळत व्हावं म्हणून दर रविवारी भावाला बोलावणं धाडलं.

"तो नको," क्रेनवाला म्हणाला.

"मग हसवणार कोण? तुम्ही?"

मेव्हणा समोर बसून पोटभर हाणायचा. "दही जपून हं भावोजी, खुर्ची नवी आहे!" बायको हसून लोटपोट. आई हसते म्हणून लेकही हसायची. क्रेनवाल्याचं ताट अर्धंच राहायचं. तो उठून संडासाकडे निघाला की मागून टाळ्या पडायच्या.

कपडे अंगावर लोंबायला लागले. कंपनीने त्याला क्रेनवरून काढून गोदामाच्या राखणीला बसवलं आणि केबिन मेव्हण्याच्या दोस्ताला दिली. गोदामात चिटपाखरू नसायचं. तो आतून कडी लावून डबा खायचा, आणि काय नवल, सगळं अंगी लागू लागलं. गाल वर आले. बायको शेजारपाजारी सांगत सुटली, "सगळी माझ्या पथ्याची करामत! आणि माझ्या भावाची."

एका रविवारी मेव्हण्याने लेकीला विचारलं, "तुझ्या बाबांना कामावर काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"गळका!" लेक म्हणाली. शाळेत कळलं होतं तिला.

मेव्हणा टेबलावर थापा मारत हसला. क्रेनवाल्याने दह्याची वाटी उचलून त्याच्या तोंडावर फेकली. मेव्हण्याची भुवई फुटली.

"माझ्या भावावर हात उचलता?" बायको कडाडली. "आजपासून गिळा एकटे!"

त्या संध्याकाळी तिने त्याचं ताट टेबलावर आदळलं आणि लेकीला घेऊन ती आतल्या खोलीत जेवायला बसली. दार लावून घेतलं. तो पोटात कळ यायची वाट बघत बसला. आली नाही. त्याने एक घास घेतला, मग दुसरा. आत लेक कशाला तरी खळखळून हसली. तिला हाक मारावीशी वाटली, पण त्याने पुढचा घास घेतला.

ताट साफ झालं तरी भूक होतीच. त्याने स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात उरलेली भाजी उभ्याउभ्याच संपवली.