कळलावीचा कंद

टिटवाळ्याहून कल्याणला रानभाज्या आणणाऱ्या मावशी जुडी देण्याआधी हमखास विचारतात, "खानार कोन?"

गौरीसाठी फुलं घ्यायला बायकोबरोबर गेलो, तर टोपलीत कळलावीचा अख्खा वेल, मुळाशी कंदासकट! मोबाईलवर गुडघेदुखीचा उपाय पाहिलेला मी हरखून कंद उचललाच.

"खानार कोन?"

"मीच! गुडघ्यांसाठी!"

त्यांनी कंद हिसकावला. "जीव जाईल रे भाऊ! फुलं गौरीला, कंद कोनालाच नाय."

"मोबाईलमध्ये सांगितलंय!"

"मंग मोबाईललाच चार!"

भर उन्हात स्वतःची पाण्याची बाटली त्यांनी माझ्या हातांवर रिकामी केली. पन्नाशीतला मी पहिलीतल्या पोरासारखा हात चोळत राहिलो. फुलं त्यांनी बायकोच्या पिशवीत घातली आणि बजावलं, "घरी जाईस्तवर याच्या हातात देऊ नको."